एडके

रुळांच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये
नेटा मकॉलीने एडक्यांची सहा डोकी मांडलीत
लाकडी पट्ट्यांवर, हातभर अंतर सोडून.
ओमारूचा दगड. खाणीतून निघतो तेव्हा
पावासारखा करवतीने कापता येतो,
मग वारा लागला की हट्टाला पेटतो.

टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात.
यांना एडकेपण आलं.

डनिडिनला लोकरीच्या व्यापाऱ्यांची कचेरी होती,
तिच्या चौथ्या मजल्यावर, वळचणीखाली,
घोडागाड्या पाहिल्या यांनी, मग ट्राम,
मग बँक, मग गालिच्यांचं दुकान,
मग फक्त समुद्रपक्षी.
मग दारावर एक पिवळा कागद :
भूकंपात टिकणार नाही.
भूकंप आला नाही. क्रेन आली.

नाकं झिजलीत. एकाच्या डोळ्यात शेवाळ.
मी शनिवारी येतो, मऊ ब्रशने धुतो,
नेटा खडूने किंमत लिहिते, पुसते, परत लिहिते.

पाच जणांची शिंगं अडीच वेढ्यांची.
सहाव्याची दीडच,
जणू कोणी हाक मारली आणि कारागीर उठून गेला.

वानाकाहून एक जोडपं आलं, नवं घर बांधणारं.
पाच घेतो म्हणाले, फाटकावर लावू.
हा नको. हा जोडीला लागत नाही.
‘बरं,’ नेटा म्हणाली,
आणि पाचांचे पैसे दोनदा मोजले.

सहावा बाजूला घेताना तो आम्ही पालथा केला.
मागची बाजू, भिंतीत गाडलेली,
कालच कापल्यासारखी पांढरी.
चुन्याची खपली निघाली, खाली पेन्सिल :

सोम. आठ शिलिंग.
मंगळ. पाऊस.
बुध. ॲग्नेस, सकाळी सहा.
गुरु.

गुरुवारपुढे काही नाही.

जन्मली की गेली?
मी विचारलं, कारण मला गप्प बसता येत नाही.
नेटाने चष्मा काढला, पुसला, परत घातला.
‘बायको असेल,’ मी म्हणालो. ‘किंवा मुलगी.
किंवा नुसती भेटायची वेळ.’
‘डॉली धर नीट,’ ती म्हणाली.

दक्षिणेचा वारा सुटला होता, पत्रे वाजत होते.
आम्ही त्याला मागच्या भिंतीशी नेलं
आणि तिने त्याचं तोंड भिंतीकडे केलं,
लिहिलेली बाजू आमच्याकडे.
खडू हातात घेतला.
किंमत काही लिहिली नाही.

त्या कोपऱ्यात छप्पर गळतं.
संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी
ती एकटीच परत आत गेली.
डोकं वीतभर सरकवल्याचा आवाज आला,
मग पुन्हा वीतभर,
मग बादली ठेवल्याचा.