अर्धा

सावद्याला, केळीच्या वखारीवरच्या खोलीत
रात्री दीडला आमचं अजून अडलेलंच :
अडीचला पूर्णांकात बसवायचं, तर दोन की तीन?

सलीमा तडवी म्हणते, तीन. शाळेत तेच शिकवलं.
नीळकंठ फिरके दहा लाख आकडे चालवून दाखवतो :
बघ, बेरीज फुगली. थेंब थेंब, पण एकाच बाजूला.
दूर देशातून एक आवाज, तिकडे सकाळ,
म्हणतो, लोकांची जुनी गणितं मोडतील, हात लावू नका.

कूलर पाणी संपून नुसता घरघरतो.
खाली ट्रक भरतोय. डिगंबरआप्पा मापाडी
चार्जर मागायला वर येतात, फळ्यावरचा अडीच बघतात.
"अर्धा व्हय?
एक डाव याले, एक डाव त्याले.
नेहमी एकालेच देला
त मंग काटा कायले ठेवला?"

नीळकंठ हसत नाही. ओळ लिहितो :
मागचा आकडा सम, तर तिथेच; विषम, तर वर.
अडीचचे दोन. साडेतीनचे चार.

सलीमाला कबूल नाही. तिचा आक्षेप
मी शब्दन् शब्द नोंदवते, खाली तारीख,
चर्चा उघडीच ठेवते.

खालून आप्पा : साडेसत्तावीस.
जरा थांबून,
अठ्ठावीस.