पोचा

आत्या गेली, तिच्या वस्तूंची वाटणी झाली.
भावानं होडी घेतली, धाकटीनं चांदीचे चमचे.
मला हे पातेलं आलं.
बुडाला पोचा. शेगडीवर डुगडुगतं,
कॉडचा रस्सा एका अंगाला कलतो
आणि तिथंच आधी करपतो.

त्या जानेवारीत बँका बुडून तीन महिने झाले होते.
रेक्याविकमध्ये चारलाच काळोख.
आल्थिंगमध्ये सुट्टीनंतरचा पहिला दिवस,
आत चर्चा: वाण्याच्या दुकानात दारू विकावी का.
बाहेर बर्फात स्वानहिल्दुर आत्या,
चाळीस वर्षं शाळेत पोरांना जेवण वाढलेली,
कुणाला उलटून न बोललेली,
लोखंडी डावानं पातेलं बडवत होती.

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच.
देश तरी केवढा? ढाल घेऊन समोर उभा तो
तिच्या मामेबहिणीचा ब्यार्तमार.
"टोपी घाल रे, कान गोठतील!"
आणि पुन्हा खण् खण् खण्.

रात्री कुणीतरी दगड उचलले
तेव्हा तीच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली,
पातेलं छातीशी.
पोचा त्या दगडाचा, असं ती म्हणायची.
ब्यार्तमार म्हणतो, छे, डावाचाच.
हा वाद मिटलेला नाही.

आठवड्यात सरकार पडलं.
मग आम्ही आमची राज्यघटना लिहायला घेतली.
आत्यानंही एक ओळ पाठवली:
समुद्रात आहे तोवर मासा सगळ्यांचा.
मतदान झालं. लोक हो म्हणाले.
ती घटना अजून फडताळात आहे.
चार वर्षांत जुनेच पक्ष परत, नवे टाय लावून.

"डाव मोडला, आत्या."
ती भांडी घासत होती.
खुंटीकडे बघून म्हणाली,
"आहे की. तिथंच टांगलाय."

पुढं एका थोराचे पैसे
भलत्याच उबदार बेटावर निघाले,
तेव्हा तो खुंटीवरून उतरला.
दोन दिवसांत काम झालं.

ब्यार्तमारची शेवटची नोकरी आल्थिंगच्या दाराशी.
तो सांगतो: भाषण अगदी रंगात येतं,
आणि खाली उपाहारगृहात
कुणाच्या हातून झाकण निसटतं.
मंत्री थांबतात.
खिडकीकडे बघतात.
मग कुठली ओळ होती ते शोधत बसतात.

नवरा म्हणतो, आण इकडे, ठोकून सरळ करतो.
मी देत नाही.
रस्सा शिजेपर्यंत
एक हात दांड्यावर ठेवावा लागतो, इतकंच.