डावी वाटी

उदगीरला, चौबाऱ्यामागच्या खोलीत
रात्री साडेअकराला मी टाइप करतो
एक खोटं साउंडकार्ड:
ना तार, ना भोक, ना पत्रा.
डावा चॅनल उजव्यात,
उजवा उजव्यातच.

खाजामियाँचा डावा कान गेला
ताशाशेजारी तीस लग्नसराया उभं राहून.
आणि कॅसेटात क्लॅरोनेट
नेमका डावीकडं.

आधी नुसतं मौन.
एक स्वल्पविराम राहिला होता.

मग हेडफोन दाबत म्हणले,
"कोण वाजवायलंय रे हे?"
"तुमीच की."
"सूर उतरलाय जरा.
परत लाव."

तू बी ऐक म्हणून
डावी वाटी त्यांनी
माझ्या कानाला लावली.
तिच्यात मी काहीच ठेवलं नव्हतं.
ताल धरून
मान डोलवत राहिलो.