रकाना सहावा

दर वर्षी मे सरता सरता
मी गढीवर नोटिसा वाटत जातो.
मजकूर तोच, तारीख तेवढी बदललेली:
सदर मातीचा कडा धोकादायक असून
आपण आपल्या जबाबदारीवर...
पुढचं लोकांना पाठ आहे.
मलाही.

यंदा जुलै उजाडला.
गंगापूर धरणातून पाणी सुटलेलं,
खाली दुतोंड्या मारुती गुडघाभर बुडालेला,
आणि ठकूबाई रसाळांच्या मोरीची भिंत
आदल्या रात्री गंगेच्या अंगाला गेलेली.
मोरी जागेवर. दगडावर साबणाची वडी.

कडा सुरीनं कापल्यासारखा उभा.
पंचनाम्यासाठी वरून खाली वाचत गेलो:
गुटख्याच्या पुड्या, निळ्या ताडपत्रीची चिंधी,
विटा, चुना, मग आव्याची राख.
"ही सासऱ्याची. त्याखालची त्याच्या आज्याची."
तिचं बोट आणखी खाली उतरलं
आणि नाव सापडेना तिथं थांबलं.
काळा पट्टा. करपलेले दाणे, माशाचा काटा.
त्याखाली सारवलेली भुई, रेघेएवढी,
कुणी आत्ताच पोतेरं फिरवून उठल्यासारखी.

पदराआडून तिनं खापर काढलं.
लाल. त्यावर काळ्या तिरप्या रेघा.
नखानं टिचकी मारली, खणकन वाजलं.
"भाजलंय बघा कसं. आमची मडकी नाही बोलत अशी.
पण तोटी बसवताना घाई केलीय ह्यानं,
ओली असतानाच चिकटवली. अंगठा उमटलाय.
हाक आली असंल कुणाची.
जेवायला, नाहीतर पाणी चढलं म्हणून."
मी म्हटलं, हे पुरातत्त्ववाल्यांना द्यायला हवं.
ती म्हणाली,
"ह्यांना नोटीस द्यायला कोण आलं होतं, भाऊ?"

मी शाईची डबी काढली.
ती म्हणाली, सही येते मला.
नावातला ठ तिनं असा काढला,
गोल, कुठंही न दबलेला,
चाकावरून दोऱ्यानं कापून उतरवावा तसा.
बाकीची अक्षरं यथातथाच.

रकाना सहावा: घरातील एकूण माणसं.
"ल्योक, सून, मी. आन् एक."
यादीत तिघंच आहेत, मावशी.
ती काही न बोलता आत गेली.
मी चपला काढल्या.

खाटेखाली गोधडीत
दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावलेली.
राखाडी, भरड, वेडीवाकडी.
"रात्री कड्यातून निसटत होती.
सुनेनं मोबाईलची बॅटरी धरली, मी पोटावर झोपून काढली.
चाकावरची नाहीत ही. हातानं थापलेली.
बाईनं केलीत."
उघडून पाहिलं?
"कशाला?
एवढंसं वजन हाताला ओळखू येतं."

बाहेर लाऊडस्पीकरवाली गाडी ओरडत होती,
नदीकाठच्या रहिवाशांनी, नदीकाठच्या रहिवाशांनी.
"माझं पलीकडं पुरलं, नदीपार. दाखवायला दगडसुद्धा नाही.
हिनं घरात ठेवलं. पायाखाली, चुलीजवळ.
ऊब लागली असंल."
मग एकदम कामाचं विचारल्यासारखं:
"शाळेत नेणार ना आम्हाला? खोली कोरडी आहे का?"

मला सांगायचं होतं की नियम आहेत,
की अशा वस्तूंचं एक खातं असतं, काचा असतात, चिठ्ठ्या असतात.
काहीतरी बोललोही असेन.
पेन चालत नव्हतं, तळव्यावर घासून पाहिलं.
तळव्यावर निळी रेघ उठली, तिरपी.

संध्याकाळी साहेबांनी यादी ताडून पाहिली.
रसाळांकडे एक वाढला कसा?
म्हटलं, लहान आहे, साहेब.
नोंदवायचं राहून गेलं होतं.