मानवतच्या जिनिंगात, काटा बंद

काट्यावर आकडा आला, पावती आली नाही.
गयबू म्हणाला, "सर्व्हर मेला बघा."
थांब म्हटलं. मेल्याची खात्री
डॉक्टरसुद्धा नाडी धरून करतो.

पिंग मारला. उत्तर अर्ध्या मिलिसेकंदात, ताजंतवानं.
म्हणजे केबल ठीक. उंदरांनी खाल्ल्यावर
पोळ्याच्या सुमारास बदललेली, निळी,
आता रुईच्या धुळीनं पांढरी.

मग सात हजार चाळीसच्या पोर्टवर टेलनेट.
कनेक्शन रिफ्यूज्ड.
मला बरं वाटलं.
गयबूला हे पटवणं अवघड,
की नकार हीसुद्धा ओ असते:
घरात कुणीतरी आहे, हातानंच जा म्हणतंय.
भीती वाटते ती गप्प राहणाऱ्याची,
हाक मारावी आणि तीस सेकंद, साठ सेकंद
नुसता कर्सर लुकलुकावा.
अशा एका नंबरवर मी दोन वर्षं फोन केलाय.
तो विषय वेगळा.

बाहेर अकरा गाड्या.
कुणी हॉर्नवर कोपर टेकून झोपलाय.
"कामून चालू व्हायलं नाही ओ?"

पीएस लावला. सेवेचं नाव आहे यादीत,
दुपारी तीन बेचाळीसपासून जिवंत.
लॉगची शेवटची ओळ: तयार आहे, ऐकत आहे.
ऐकते आहे, तर मग कुणाचं?

नेटस्टॅट. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
स्वतःचाच पत्ता.
साडेतीनला लाईट गेली, आली, आणि तेव्हापासून ही बाई
आतून कडी लावून
स्वतःचीच वाट बघत बसलेली.
तक्रार तर काहीच नव्हती तिची.

कॉन्फिगमधली ओळ बदलली कुणी?
हिस्टरी चाळली.
काल रात्री पावणेबारा. मीच.
चाचणीपुरती. लगेच परत करीन म्हणून.

गयबूला सांगितलं नाही.
चार शून्यं टाकली, सगळ्या दारांवर ऐक म्हटलं,
सेवा बंद केली, चालू केली.
प्रिंटर कण्हला
आणि अडकलेल्या पावत्या जोडीनं बाहेर पडू लागल्या.
पहिली दुपारी चारची, पाथरीच्या गाडीची,
जी कंटाळून केव्हाच सेलूकडं निघून गेली होती.

गयबूनं ती फाडली नाही. घडी घालून खिशात ठेवली.
"उंद्या आला तर दावतो," म्हणाला,
"वजन बरोबर निघालतं म्हून."