सहावं घर

एका बंगल्याच्या जागी सहा घरं.
सुनावणीत डेस्मंड उभा राहिला, हातात टोपी:
"सावली पडेल माझ्या टोमॅटोंवर."
पडलीच. खोटं नव्हता बोलत.

मेरेनिया याच गल्लीतल्या पोरांना
पाढे शिकवते,
आणि येते पुकेकोहेहून, पहाटे,
सिग्नलला केस विंचरत.

पाच घरं पाहता पाहता गेली,
दोन तर न पाहताच.
उरलं सहावं, कचऱ्याच्या डब्यांशेजारचं,
दक्षिणेला तोंड.
ऑकलंडमध्ये ऊन उत्तरेकडून येतं.

तिने आकडे मांडले, खोडले,
नवऱ्याचा ओव्हरटाइमही धरला.
तरी चाळीस हजार डॉलर कमी.
पूर्वी चार लाख कमी पडायचे.

काल कुंपणावरून डेस्मंडने विचारलं,
"घेतेयस का?"
आणि टोमॅटो दिले तीन,
हिरवेच.