सकाळचा पाय

गार्गी, चप्पल संध्याकाळी घे.
सकाळचा पाय खोटं बोलतो.
दहा वाजता मेन रोडला गेलीस
तर सगळंच बसेल, सगळंच शोभेल,
दुकानदार म्हणेल, ताई, तुमच्याच मापाची बनलीय.
सहानंतर जा.
दिवसभर उभा राहून सुजलेला तो खरा पाय,
त्याला विचार.

सोळा वर्षं मी औषधांची बॅग घेऊन हिंडतेय.
कॅनडा कॉर्नरचे तिसरे मजले, बंद लिफ्ट,
डॉक्टरांच्या दाराबाहेरची एकच खुर्ची,
तिच्यावर पेशंटचा हक्क आधी.
मंगळवारी ओझर, पिंपळगाव. गुरुवारी सिन्नर.

तेव्हा बॅगही रिकामी बघून घेऊ नकोस.
घरून डबा ने. हसेनात का.
डबा, बाटली, छत्री, ती जाडजूड फाईल
दुकानातच भर, खांद्याला लाव,
मग जमिनीवर ठेवून बघ:
उभी राहते, की कलंडते
रविवारी जेवणानंतर तुझे बाबा कलंडतात तशी.
चेन वीसदा ओढ.
अस्तर फिकं असू दे. काळ्या अस्तरात
किल्ली अशी बुडते की
आपल्याच दारात बूड टेकून
अख्खा संसार पायरीवर मांडावा लागतो.

पहिल्या वर्षी मी टाचेच्या घेतल्या होत्या.
तपकिरी. पितळी बक्कल.
तीन इंच उंच असलं की डॉक्टर ऐकतात, असं वाटायचं.
द्वारकेच्या चौकात डावी टाच निखळली,
समोर बस सुटतेय आणि माझ्या हातात टाच.
कडेला सुखदेवमामा बसायचे, ऐरण मांडीत घेऊन.
त्यांनी निखळलेली लावली नाही,
शाबूत होती तीही कापून काढली.
"एक लावली की उद्या दुसरी रुसेल. आता चाला."
पुढून जरा वर झाल्या होत्या, होडीसारख्या.
वीस रुपये घेतले,
दोन्ही टाचा वर्तमानपत्रात बांधून परत दिल्या,
जशा काही दागिन्यातल्या.
त्या दिवशी डॉक्टर दुसाने
नेहमीइतकंच ऐकत होते.
म्हणजे अर्धं.

कुर्त्याला खिसा माग.
दहीपुलावरचे सादिकभाई म्हणतील,
लेडीजला खिसा कशाला, लाईन बिघडते.
बिघडू दे.
मनगटापर्यंत हात आत गेला पाहिजे.
मोबाइलचं सोड,
कुणी तासभर ताटकळत ठेवलं
की या हातांचं करायचं काय
हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

डिसेंबरात पहाटे सीबीएसवर बोटं गोठतात,
तेव्हा मोजे घाल, दिसले तर दिसले.
पांढरा कुर्ता आणि मिसळ एका दिवशी नको.
सिंथेटिक सिन्नरच्या उन्हात अंगाला चिकटतं,
आणि इस्त्रीशिवाय चालेल असं जे सांगतात
ते कधी एसटीत चेपून बसलेले नसतात.

आता रंगाचं.
राखाडी घेऊ नकोस, मळत नाही म्हणून.
मी घेतला. एकामागून एक, सहा कुर्ते.
कंपाउंडर रजिस्टर बघून विचारायचा,
तुम्ही गेल्या महिन्यात आला होतात का?
कुर्ता खरंच मळला नाही.
नंतर मी तो फरशी पुसायला काढला
तर फरशीवरही दिसेना.

डाळिंबी घे. नाहीतर तो निळा,
तुला त्या दिवशी काचेतला आवडलेला.
डाग पडला तर पडला,
साबण स्वस्त आहे.

शनिवारी साडेसहाला शालिमारला ये.
डबा आण, पाय दमवून आण.
तुझं झालं की
मलाही एक जोड बघायचीय.
लालभडक, बारीक पट्ट्यांची.
गोदाघाटाच्या ओल्या दगडावर
पाऊलभरही टिकायची नाही, माहितेय मला.
तू फक्त शेजारी उभी राहा,
आणि मी किंमत विचारली
की दुसरीकडे बघ.